कास्पारचं नरसाळं

गुरं खाली उतरली, की वरच्या कुरणातल्या झोपडीत पुन्हा पाऊल टाकायचं नसतं, हे तुम्हाला घरी कुणी सांगितलंय का रे?

हसू नकोस, रेतो. शेगडीत लाकूड सार आणि ऐक. बुर्गा हेर्गरला तुम्ही सगळे ओळखता. तिनं मला सांगितलं तेच सांगतोय, माझ्या पदरचं काही नाही.

तिचा नवरा कास्पार खिंडीपलीकडचं कुरण सांभाळायचा. रोज संध्याकाळी झोपडीपुढे उभा राहायचा, दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावायचा आणि प्रार्थनेची हाक द्यायचा. तो आवाज पोचेल तिथवर गुरांना आणि माणसांना रात्री धक्का लागत नाही. ती हाक झाल्याशिवाय झोपडीत कुणी चमचा तोंडाला लावत नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं हे.

मागच्या मार्चमध्ये कास्पार गेला. उन्हाळाभर टोनी नावाच्या गड्यानं काम काढलं. सप्टेंबरात अचानक बर्फाची लक्षणं दिसली आणि तो घाईघाईनं गुरं घेऊन उतरला. शेवटच्या संध्याकाळची हाक राहिली. नरसाळंही भिंतीवर टांगलेलं राहिलं. आपण उतरलो की झोपडी गेलेल्या माणसांची होते... आपली वस्तू तिथे ठेवायची नसते. टोनीला ते आठवलं तेव्हा तो पांढरा पडला, पण परत काही गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कुरण कुणाला द्यायचं, त्याची बैठक रविवारी होती. त्याच्या दोन-तीन दिवस आधीच बुर्गानं ते स्वतःसाठी मागितलं. खानावळीत सगळे बसले होते. कुरणांच्या मंडळाचा अध्यक्ष डोमिनिक म्हणाला, "बुर्गा, चीज तू आमच्यापेक्षा चांगलं करतेस. पण हाक बाप्यानं द्यायची असते. ते काही नवऱ्याला जेवायला बोलावणं नव्हे."

"मला माझ्या नवऱ्याला कधी दोनदा बोलवावं लागलं नाही," बुर्गा म्हणाली.

सगळे हसले. डोमिनिकही हसला. मग म्हणाला, "बरं, नरसाळं घेऊन ये. रविवारी टेबलावर ठेव. मग कुरण तुझं."

कुणी जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शनिवारी, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, बुर्गा सकाळच्या बसनं वरच्या थांब्यावर उतरली. पिशवीत ब्रेड, चीज, सुकं सॉसेज आणि डोक्याला लावायचा दिवा. अंधारायच्या आत परत, असा तिचा हिशोब. तीस वर्षं चाललेली वाट. पण खिंडीतल्या क्रुसापाशी पोचली आणि धुक्यानं गाठलं. दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा दिसेनात. दोनदा ती घसरणीच्या खडीत शिरली, दोनदा चाचपडत परत आली. मोबाइलला रेंज नाही. शहाणं माणूस तिथून मागे फिरलं असतं.

"मग फिरली का नाही?" रेतो, तूच विचारणार, माहीत होतं मला. फिरली असती, तर रविवारी डोमिनिक काय म्हणाला असता?

झोपडी दिसली तेव्हा उजेड मावळला होता. चंद्र नव्हताच त्या रात्री. आणि धुराड्यातून धूर निघत होता.

तिला वाटलं, कुणी वाट चुकलेलं आत आलं असेल. तिनं दार ढकललं.

चुलीत विस्तव होता. चुलीभोवती चौघं बसलेले, एक पाय असलेल्या दूध काढायच्या स्टुलांवर. पाठी तिच्याकडे. प्रत्येकाच्या मांडीवर वाडगा. वाडगे दूध-सायीनं भरलेले. चमचे हातात.

कुणी खात नव्हतं.

"मी कास्पार हेर्गरची बायको," ती म्हणाली. "नरसाळं न्यायला आलेय."

कुणी वळलं नाही.

विस्तव जळत होता, पण त्याचा आवाज नव्हता. ऊबही नव्हती. ती भिंतीपाशी गेली. नरसाळं काढलं. परतताना तिची नजर कडेच्या माणसावर पडली. तपकिरी कोट. कोपरावर निळ्या दोऱ्यानं लावलेलं ठिगळ...

तपकिरी दोरा संपला होता म्हणून निळा घेतला होता. तिनंच. त्याच कोटात कास्पारला पुरलं होतं.

तिचे पाय दाराकडे निघाले. पळायचंच होतं तिला, तसं ती लपवत नाही. पण उंबऱ्यात थांबली. चमच्यावरची साय थरथरत होती. किती वेळचे थांबले असतील...? गुरं उतरली त्या दिवसापासून?

"बाप्याचा आवाज पाहिजे तुम्हाला?" ती म्हणाली. "नाहीये. माझा आहे. चालत नसेल तर बसा उपाशी."



ती बाहेर आली. धुक्याकडे तोंड केलं. नरसाळं ओठांना लावलं. आधी नुसती हवा. मग आवाज फाटला. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली. चारी दिशांना, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एकही शब्द गाळला नाही.

मग नरसाळं खाली घेतलं.

...

आणि पाठीमागे, झोपडीत, वाडग्यावर चमचा वाजला. एक. मग दुसरा. मग सगळे.

तिनं वळून पाहिलं नाही. दिवा लावला आणि चढणीला लागली. वाटेपुरतं धुकं उघडलं होतं. मागून गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजत येत होत्या. ती थांबली की थांबत. क्रुसापर्यंत आल्या. पुढे नाही.

दिवस फुटताना ती घरी पोचली. नरसाळं ठेवलेली पिशवी उघडलीसुद्धा नाही, दारामागे टांगली.

त्या कुरणावर तेव्हा दोन आठवडे एकही गाय नव्हती, हे लक्षात ठेवा. सकाळी बैठकीत बुर्गानं नरसाळं डोमिनिकपुढे ठेवलं, आणि नरसाळ्याच्या तोंडातून कोमट दुधाचा ओघळ टेबलावर आला.