आधी पट्टी सुटली

तो येऊन माझ्यावर आदळला आणि माझ्या डोक्यावरची शिंपल्यांची टोपली चर्चच्या पायऱ्यांवर सांडली.

"डोळे आहेत की नाहीत?" मी म्हणाले, आणि मग वर बघितलं. एकच होता. करडा, ओशाळलेला. डाव्यावर निळी रेशमी पट्टी.

"एक आहे," तो म्हणाला. "दुसरा राखून ठेवलाय."

"कुणासाठी?"

"पराक्रमासाठी."

मला हसू फुटलं. कारण हा कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ईस्टरच्या मेजवानीत सर लॅम्बर्टांच्या वाड्यात गिब गवयानं कुठल्याशा जुन्या वीराचं गाणं गायलं. जीव गेला पण त्यानं दिलेला शब्द मोडला नाही, असलं काहीतरी. ते ऐकून मालकांच्या पदरी सरदारकीची उमेदवारी करणारी सगळी तरणी मंडळी पेटली. वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, की हातून शौर्याचं काम होईपर्यंत एक डोळा बांधलेला राहील. मग कुणी रानडुक्कर मारलं, कुणी चोर बडवला, आणि एकेकाची पट्टी उतरली. राहिला हा थर्स्टन.

"डुक्कर काय, खाटीकसुद्धा मारतो," असं म्हणायचा म्हणे.

तो गुडघ्यावर बसून शिंपल्या वेचायला लागला. पण एका डोळ्याला अंतर कुठलं कळायला? हात दर वेळी बोटभर अलीकडेच पडायचा. मला कीव आली, आणि... खरं सांगायचं तर नुसती कीव नव्हती.

"तुम्हाला मी अर्धीच दिसले असेन," मी म्हणाले.

"उरलेली नंतर बघेन. मला घाई नाही."

"मला तरी कुठंय..." मी टोपली उचलली, पण कान तापले होते.

त्यानंतर त्याला खाडीपलीकडच्या मठात सारखी कामं निघायला लागली. माझ्या बाबांचं नाव डिकॉन, ते खाडीचे वाटाडे. ओहोटीला पाणी पार लांब जातं, आणि उघड्या वाळूवरून ते लोकांना पलीकडे नेतात. त्यांचा गुडघा गेल्यापासून मीच पुढे चालते. काठीनं वाळू चाचपायची, घट्ट लागली की वाटेची खूण म्हणून फांदी रोवायची. कालची वाट आज तिथं असेलच असं नाही. वरून कोरडी दिसणारी वाळू माणसाला कमरेपर्यंत ओढते, आणि मग भरती येते. माझा काका तसाच गेला. म्हणून त्या वाळूवर पाऊल टाकताना मला रोज भीती वाटते. मी ती कुणाला सांगत नाही.

थर्स्टनला मात्र सांगितली.

"मलाही वाटते," तो म्हणाला.

"तुम्हाला कसली?"

"कधीच काही शूर करता येणार नाही याची." मग हळूच, "आणि तुझ्या वाटेवर कुणी दुसरा चालायला लागेल याची."

मी काठी उगाच दोनदा वाळूत खुपसली.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टचा सण येतो; त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही मठातून परतत होतो. तो घोडा धरून मागे, मी पुढे. आणि धुकं उतरलं. मी रोवलेल्या फांद्या एकेक करून नाहीशा झाल्या. मी काठी टेकवली, वाळू घट्ट लागली. पाऊल टाकलं... आणि वाळूनं ते धरलं. दुसरं सोडवायला गेले, तर तेही गेलं. गुडघे, मांड्या. गार चिखल वर वर येत होता.

"पुढे येऊ नका," मी म्हणाले. आवाज माझा वाटतच नव्हता. "दोर टाका."

त्यानं खोगिराचा दोर टाकला. अलीकडे पडला. पुन्हा टाकला, उजवीकडे गेला. पुन्हा टाकला. तेवढ्यात धुक्यामागून तो आवाज आला, लांबून कुणी चटई ओढत आणावी तसा. भरती निघाली होती. काका आठवला, बाबा आठवले.

"थर्स्टन, पट्टी काढा."

तो नुसता उभा राहिला. हात पट्टीपर्यंत गेला होता. "वेदीवर शब्द दिलाय गं..."

"मला मरायचं नाही," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

त्यानं पट्टी फाडून काढली. इतके दिवस मिटलेला तो डोळा उजेडानं पाणावला, पण दोर सरळ माझ्या छातीवर आला. त्यानं घोडा ओढला, मी सुटले. माझा एक बूट अजून तिथंच आहे. किनारा लागला तेव्हा पाणी आमच्या कमरेला होतं, आणि त्यानं माझा हात सोडला नव्हता.

गिब गवई दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात हजर. मी जसं घडलं तसं सांगितलं. त्यानं नाक मुरडलं. "आधी पट्टी सोडली? गाण्यात असं चालत नाही, पोरी."

आणि पेंटेकॉस्टला त्यानं भरल्या दिवाणखान्यात ते गायलं. आम्ही गावकरी दाराशी उभे होतो. गाण्यात वीर एकाच डोळ्यानं, देवाच्या कृपेनं, दोर अचूक टाकतो, पोरीला वाचवतो, आणि मग समुद्राचं वारंच त्याची पट्टी सोडवतं. लोकांनी टेबलं बडवली. मी थर्स्टनकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता.

सर लॅम्बर्ट खुशीत उठले. तलवार काढली. "सरदारकी आजच. पण रीतीप्रमाणे साक्ष हवी. ती मुलगी कुठंय?"

सगळे वळले. मी दारातून पुढे आले. फादर ऑस्टिननी पवित्र ग्रंथ पुढे धरला, मी त्यावर हात ठेवला. आमच्या चर्चच्या भिंतीवर नरकाचं चित्र आहे. त्यात खोटी शपथ घेणारे जिभेत आकडा अडकवून टांगलेत. लहानपणापासून दर रविवारी मी ते बघत आलेय. एक बाई आहे त्यात, माझ्याच वयाची.

"बोल पोरी," मालक म्हणाले. "आधी पराक्रम, मग पट्टी. असंच ना?"

खरं बोलले तर त्याची सरदारकी जाणार. खोटं बोलले तर मी त्या बाईशेजारी. मी ठरवलं होतं. टांगू देत. मी तोंड उघडलं...

"थांब, इडोनी."

थर्स्टन उभा होता. "आधी पट्टी सुटली, मालक. मग दोर पोचला. तिनं काही बोलायच्या आत मीच सांगतो."



"अरे वेड्या," मालक हळूच म्हणाले, "गप्प बसायचं होतंस."

"गप्प बसलो असतो तर तिनं शपथ घेतली असती. मला तलवार मिळाली असती आणि तिला भिंतीवरचा तो आकडा. असली तलवार कमरेला लावून मी चालणार कसा?"

मालकांनी तलवार म्यान केली. वेदीवर दिलेला शब्द मोडला, तेव्हा सरदारकी नाही. उमेदवारीची खूण असलेला त्याचा कमरेचा पट्टा काढून घेतला. फादर ऑस्टिननी प्रायश्चित्त सांगितलं: पुढच्या पेंटेकॉस्टपर्यंत खाडीवर वाटसरूंची सेवा. गिब कोपऱ्यात आपल्या गाण्याच्या नावानं कुरकुरत होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो आमच्या दारात आला. कमरेला पट्टा नाही, हातात फांद्यांची मोळी. बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुडघा चोळत आत निघून गेले.

"सगळं गेलं तुमचं," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"हो. गाणंसुद्धा." तो माझ्याकडे बघत राहिला. "पूर्ण दिसतेस आता."

"मग? पस्तावलात?"

"नाकावर चिखल आहे. एरवी ठीक."

मी नाक पुसलं. आम्ही वाळूवर उतरलो. धुकं नव्हतं, तरी भीती वाटत होतीच. आता दोघांसाठी.

"सरदाराला वाटाड्याच्या मुलीशी लग्न करता आलं नसतं," तो समोर बघत म्हणाला. "मला येईल. तू... तुझी हरकत नसेल तर. मी शपथ घेतो की..."

"शपथ नको," मी घाईनं म्हणाले. "मला शपथांची भीती वाटते. नुसतं सांग."

त्यानं सांगितलं. मी काठी टेकवली, वाळू घट्ट लागली. त्यानं फांदी रोवली.