एका कार्डावर दोन अंगठे

"एवढं एक खोटं बोलवलं न्हाई तुमच्यानं, वन्सं? अठरा वर्सं बोललात, आन ह्येच एक जड झालं?"

शेवंताने हातातली पिठाची परात दाणकन खाली आपटली. पाच वर्षांची बकुळा दचकून आत्याच्या पाठीमागे दडली. सोनूबाई मात्र उंबऱ्याशी टेकून होती तशीच बसून राहिली. बसून राहण्यावाचून तिला दुसरं येत तरी काय होतं! उजव्या खुब्याचा सांधा झिजून झिजून असा झाला होता, की बसली तर उठवायला माणूस लागे आणि उठली तर बसवायला. समोर विमा कचेरीचा लिफाफा हातात धरून तिचा भाचा उत्तम उभा होता. पत्र त्याने नुकतंच वाचून दाखवलं होतं.

पत्र चार ओळींचं होतं. विमेदार कामगार शेवंता लहू हिच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेची मंजुरी थांबवण्यात येत आहे. सन १९५५च्या बाळंतपणाच्या कागदावरचा अंगठा आणि या खेपेचा अंगठा एकाच स्त्रीचा नाही. तपासणीतही विमेदार स्त्रीला कधी मूल झालेलं नाही असं आढळलं आहे. तरी तिने सोमवारी जातीने हजर राहून खुलासा करावा, नपेक्षा फसवणुकीचा खटला भरण्यात येईल.

आता हे दोन अंगठे एका कार्डावर आले कसे, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

बेचाळीस साली शेवंता पहिलटकरीण होती आणि मिलच्या वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात तिचं नाव होतं. गिरणगावात तेव्हा सर्रास चालणारी रीत अशी, की बाई बाळंतपणाला बसली म्हणजे घरातली दुसरी बाई तिच्या बिल्ल्यावर जाऊन तिची जागा राखायची. बायकांवर देखरेख करणारी खात्याची नायकीण बघून न बघितल्यासारखं करायची. लहूची थोरली बहीण सोनूबाई तेव्हा नुकतीच भावाच्या दारात आली होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने टाकलेली, सव्वीस वर्षांची, अंगावरच्या लुगड्यानिशी आलेली! "मी जाते चार महिने," ती म्हणाली. पण उत्तम जन्मला तोच मुठीएवढा, आज जातो का उद्या असा. त्याला सोडून शेवंताचा पाय मिलकडे वळेना. चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची अठरा झाली... आणि भोंगा झाला की सोनूबाई घराबाहेर पडायची ती शेवंता होऊन! खात्यात तिला सोनू म्हणून ओळखणारं नायकिणीखेरीज कुणी उरलं नाही.

चोपन्न साली कामगारांचा विमा आला, तेव्हा मिलच्या दप्तरातल्या नावावरच कार्ड निघालं. सोनूबाईने शेवंताच्या नावापुढे आपला अंगठा उठवला. पुढल्या वर्षी बकुळाच्या वेळी शेवंताचे दिवस भरले. लहू भोळा माणूस. त्याने सरळ हिशोब मांडला: "कार्डावर नाव शेवंताचं, बाळंतीण शेवंता, मग लबाडी कुठं आली?" शेवंताने स्वतःच्या हाताने कागदावर अंगठा लावला. मिलमधली शेवंता बाळंतपणाच्या रजेवर म्हटल्यावर सोनूबाईलाही बारा आठवडे घरी बसावं लागलं. अठरा वर्षांत तिला मिळालेली लांब रजा काय ती तेवढी, आणि ती तिने भावजयीला शेकण्यात नि लेकराची दुपटी धुण्यात घालवली!

पुढे लहू छातीच्या दुखण्याने गेला आणि घर एकट्या सोनूबाईच्या पायांवर उभं राहिलं. ते पायच आता चालेनासे झाले होते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की झिजलेला खुबा काढून त्या जागी धातूचा बसवता येतो. तो तुकडा परदेशातून येतो. विम्याने मनावर घेतलं तर होईल, नाहीतर नाही. मग तारखा पडत गेल्या. एकदा शहर हरताळात बंद होतं म्हणून, एकदा तुकडाच आला नाही म्हणून, एकदा कुणाची सही राहिली म्हणून. दीड वर्ष ती भिंत धरून मिलमध्ये उभी राहिली, आणि शेवटचे चार महिने तर तेही जमलं नाही. आता कुठे तुकडा आला होता, तिच्या मापाचा, इस्पितळाच्या कपाटात तिची वाट बघत होता... आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईने सहज विचारलं, "बाळंतपणं किती झाली?"

"एकबी न्हाई," सोनूबाई बोलून गेली.

"का वो बोललात?" शेवंता आता रडत होती, रागाने की भीतीने ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "दोन म्हणायचं! पाठ तर हुतं तुम्हास्नी!"

सोनूबाईने मान वर केली. "मिलमधी शेवंता म्हणून हाक आली, मी ओ दिली. पगाराला ओ दिली, शिव्यांनाबी दिली. पण पोरं किती म्हणून इचारलं बाईनं... उत्तमला मी जल्म दिला म्हणू? तुझ्या कुशीची चोरी करू, शेवंते? ज्या एका गोष्टीपायी नवऱ्यानं मला घराबाहेर काढली, तिथं खोटं न्हाई आलं तोंडात!"

"आन आता माझ्या हातात बेड्या पडतील त्या? उत्तम म्युनिसिपाल्टीत हंगामी चिकटलाय, त्याची आई चोर म्हटल्यावर ठेवतील त्याला? तुमच्या एका कमरेपायी माझं घर..."

"आई!" उत्तम ओरडला.

पण बोल सुटला होता. तुमच्या एका कमरेपायी! ती कमर कुणापायी गेली, हे त्या खोलीतल्या भांड्याकुंड्यांनाही ठाऊक होतं. बकुळाला पुढे ओढून सोनूबाईने तिच्या केसांतला गुंता सोडवायला घेतला.

संध्याकाळी चाळीतली माणसं नेहमीप्रमाणे वंदनेला बसली. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून सोनूबाईने एकही दिवस चुकवला नव्हता. पंचशील म्हणताना पहिली तीन ती खणखणीत म्हणायची आणि चौथ्याशी, खोटं बोलणार नाही या शीलाशी, तिचा आवाज दरवेळी खाली जायचा. बाबासाहेबांच्या तसबिरीकडे तेव्हा तिला बघवत नसे. आज तर तिने ते शील म्हटलंच नाही. शेजारी बसलेल्या शेवंताने ते ऐकलं, म्हणजे न ऐकलेलं ऐकलं, पण तिला वाटलं, वन्सं रुसल्या.

रुसली नव्हती ती. सोमवारी जे खोटं बोलायचं होतं, त्याचा निश्चय करून बसली होती!

सोमवारी सकाळी शेवंता नळावर गेल्याचं बघून सोनूबाईने शेजारणीला हाक मारून स्वतःला उठवून घेतलं आणि ती निघाली. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्राचं राज्य व्हायचं होतं. रस्त्यावर कमानींचे वासे उभे राहत होते, पोरं पताका चिकटवत होती आणि त्या सगळ्या उत्साहातून एक बाई काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत, परळच्या विमा कचेरीकडे आपलं उरलंसुरलं सगळं टाकून द्यायला चालली होती.

साहेब सुका माणूस होता, पण वाईट नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली. सोनूबाई बसली नाही, कारण उठवणार कोण?

"साहेब, मी शेवंता न्हाई. मी सोनूबाई. भावजयीच्या नावावर मी मिलमधी घुसले, तिला काय बी ठावं न्हवतं. बाळंतपणाचा अंगठाबी मीच तिला फसवून लावायला लावला. ती अडाणी हाय, लेकुरवाळी हाय. कार्ड घ्या, नाव काढा, मला काय सजा द्यायची ती द्या... तिला हात लावू नका."

साहेबाने चष्मा काढला. "बाई, हे लिहून घेतलं तर तुमचा विमा गेला, नोकरी गेली. ऑपरेशन कधीच होणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"चालता येणार नाही पुढे."

"न्हाई आलं तर न्हाई," ती म्हणाली. साहेबाने कागद पुढे ओढला.

इकडे शेवंता हंडा घेऊन घरात आली तो उंबऱ्याची जागा रिकामी! तिने फळीवर पाहिलं. तसबिरीपुढे सोनूबाईचा पितळी बिल्ला ठेवलेला होता. अठरा वर्षं तो वन्संच्या पदरावरून उतरलेला तिने पाहिला नव्हता. मिल सुटली तरी सवयीने त्या तो लावूनच असायच्या. शेवंताने तो उचलला. वाटेतली गर्दी, पाळीची घाई, येता-जाता अंगठ्याने चाचपण्याची सवय... नंबर झिजून पार सपाट झाला होता. हा बिल्ला खरं तर तिचा होता. चार महिन्यांनी तिने तो परत घ्यायचा होता. तिने घेतला नाही, कधी आठवणही काढली नाही, आणि झिजायचं ते सगळं दुसरीने झिजून घेतलं! त्या संध्याकाळी वंदनेत वन्संनी चौथं शील का गिळलं, ते तिला आत्ता उमगलं. बकुळाला काखोटीला मारून ती अनवाणी धावत सुटली.

"लिहू नगा, साहेब! खोटं बोलतीय ती!"

कचेरीतली सगळी टेबलं थांबली. शेवंताने बकुळाला खाली ठेवलं, सोनूबाईचा हात धरून टेबलावर पालथा-उताणा केला आणि शेजारी आपला ठेवला.

"बघा ह्यो हात. सुताच्या गाठी मारून मारून बोटांची पेरं चिरलीत. आन ह्यो माझा. ह्या हातानं अठरा वर्सं भाकऱ्या थापल्या, तिनं आणलेल्या पिठाच्या! नाव तेवढं माझं, घाम तिचा. बाळंतपणाचा अंगठा मीच लावला, समजून-उमजून लावला. जेलात घालायचं तर मला घाला, पर तिचा पाय तिला द्या वो... माझ्या लेकरांसाठी गेला त्यो!"

"शेवंते, गप! उत्तमची नोकरी..."

"उत्तमनंच सांगितलं काल तुम्ही निजल्यावर. म्हणला, 'आत्याच्या पायावर उभी ऱ्हाणारी नोकरी मला नगं.' मीच मेली भ्याले!" शेवंता तिथेच खाली बसली आणि तिने नणंदेच्या पायांना मिठी मारली. "वन्सं, तुमच्या कमरेपायी म्हणले मी... ह्या तोंडानं म्हणले!"

सोनूबाईला खाली वाकता येईना. उभ्याउभ्याच तिने भावजयीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांनी ती भरल्या कचेरीत मोकळेपणी रडली.

साहेबाने लिहिलेला कागद फाडला. पण कागद फाडला म्हणून कायदा फाटत नाही. नाव खोटं असलं तरी काम खरं आहे, एवढं त्याला पटलं. ते वर पटवायला चौकशी लागणार होती, आणि चौकशीला महिने. कपाटातला तो धातूचा खुबा दुसऱ्या कुणाच्या अंगात गेला. मे महिना उजाडला, डिलाईल रोडवर दिव्यांच्या माळा लागल्या, सगळी चाळ शिवाजी पार्कला गेली, आणि या दोघी खोलीत राहिल्या. कडीला सूत बांधून सोनूबाई शेवंताला गाठ मारायला शिकवत होती. "आंगठा आत घे... तसं न्हाई, सुटंल ती!" दुसऱ्या महिन्यात शेवंता अठरा वर्षांनी आपल्या स्वतःच्या नावावर खात्यात उभी राहिली.

चौकशीत तिला लेखी ताकीद मिळाली. नायकिणीने, आपल्या अंगाशी येईल हे ठाऊक असून, खरं सांगितलं, आणि तिच्यामागोमाग खात्यातल्या एकूण एक बायकांनी सोनूबाईसाठी कागदावर अंगठे उठवले. उत्तमची हंगामी नोकरी पुढे चालू राहिली नाही. तो दुसरी शोधत होता, आणि त्याबद्दल घरात एका शब्दानेही बोलत नव्हता.

सोनूबाईच्या स्वतःच्या नावाचं नवं कार्ड डिसेंबरात आलं. डॉक्टरांनी तपासून आधीच सांगून टाकलं: फार उशीर झाला, चालाल, पण काठी सुटणार नाही, आणि मिलमध्ये पुन्हा उभं राहता येणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघी इस्पितळाच्या बाकावर बसल्या होत्या. सोनूबाईचा हात शेवंताच्या मुठीत होता. दार उघडून नर्सने कागदावर बघत हाक मारली.

"सोनूबाई... सोनूबाई कोण?"

सोनूबाई समोर बघत शांत बसून राहिली. नर्सने पुन्हा पुकारलं. बाकावरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवंताचे डोळे भरून आले. तिने हळूच नणंदेचा खांदा हलवला.

"वन्सं, उठा. तुम्हालाच बोलावत्यात."