विचारलं भात, दाखवला चिकू

"कोणत्या दीडशहाण्याने बनवलंय हे?"

डहाणूहून तलासरीला निघालेल्या जीपमध्ये, माझ्या शेजारी अंग चोरून बसलेला एक मुलगा स्वतःच्या मोबाइलला हे विचारत होता. आशागड नुकतंच मागे पडलं होतं. बाहेर सप्टेंबरचा कंटाळवाणा पाऊस, आत ओल्या छत्र्या, आणि माझ्या पायाशी कुणाची तरी सुकटीची पिशवी. मी सहज त्याच्या स्क्रीनवर नजर टाकली, आणि… तो दीडशहाणा मीच होते.

म्हणजे, ॲप आमच्या कंपनीचं. शेतकऱ्याने मोबाइलमध्ये बोलून प्रश्न विचारायचा, आणि सल्ल्यांच्या भल्यामोठ्या ढिगातून त्याला हवा तोच सल्ला सगळ्यात वर यायचा. तो वर आणायचं काम माझं. सहा वर्षं मी हेच करत होते, शोधणाऱ्याला हवं ते मिळवून देणं. आधी बंगळूरला बसून कंपनीच्या खरेदीच्या ॲपवर लोकांना बूट शोधून दिले. मग हट्टाने हे काम मागून घेतलं आणि डहाणूला आईबाबांकडे येऊन बसले. बाबा रेल्वेत असल्यामुळे घर स्टेशनजवळ, त्यामुळे गाड्यांच्या आवाजात मीटिंगा चालायच्या.

"काय विचारलंत तुम्ही?" मी त्याला म्हटलं.

"भाताची पानं भाजल्यासारखी दिसतात, काय फवारू? आणि हे मला कलिंगडाचं खत सांगतंय."

"नुसतं 'भात, करपा रोग' असं विचारा ना."

"रोगाचं नाव माहीत असतं, तर विचारलं कशाला असतं?"

त्याचं बरोबर होतं. आणि समोरचा बरोबर असला की माझं डोकं फिरतं.

"ते मी बनवलंय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलकडे. मग पुन्हा माझ्याकडे… "मग उतरल्यावर चहा घ्या. अजून बऱ्याच तक्रारी आहेत."

त्याचं नाव देवेश. घर सायवनला, शेती भाताची आणि नाचणीची, आणि तलासरी नाक्यावर बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे. हे मी पहिल्याच दिवशी बघायला नको होतं, पण बघितलं.

त्यानंतर मी दर आठवड्याला तलासरीला जायला लागले. कामासाठी. त्याच्या दुकानात येणारी माणसं कशी विचारतात ते ऐकायला. लोक प्रश्न विचारत नाहीत हो, गोष्ट सांगतात: नणंदेच्या शेतापासून सुरुवात, मग पाऊस, मग शेजाऱ्याचा बैल, आणि सगळ्यात शेवटी कीड. मी ते सगळं माझ्या यंत्राला शिकवत होते, आणि देवेश काउंटरपलीकडून मला चिडवत होता.

"आज तुमच्या बाळाला काय आलं?"

"खोडकिडा ओळखला त्याने."

"वा. दृष्ट काढा त्याची."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. आईला मात्र सगळं कळत होतं. "तलासरीला एवढं काय काम निघतं गं?" ती विचारायची. "आणि कामाला जाताना कानात झुमके कशाला लागतात?" मी तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. झुमके तसेच ठेवायचे.

एके दिवशी चहा पिता पिता मी देवेशला खरं काय ते सांगितलं. कंपनी हे काम इथे नुसतं करून बघत होती. महिनाअखेरपर्यंत वापर वाढला तर काम पुढे चालणार, मी इथेच राहणार. नाही वाढला तर इथलं सगळं बंद, आणि मी पुन्हा बंगळूरला, बुटांकडे.

"मग बूट शोधशील आयुष्यभर?" त्याने विचारलं.

"शोधेन. पण मला भात शोधायचाय रे."

कपातला चहा संपला होता, तरी तो कप हातात फिरवत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल… पण तो म्हणाला, "बिस्किट घेणार?"

आणि मग वापर वाढायला लागला. रोज वर, रोज वर. मी खुशीत. बंगळूरहून साहेबांनी शाबासकी दिली. पण पुढच्या खेपेला मी दुकानात पाऊल टाकलं, तर बुधीबाई मोबाइल घेऊन माझी वाटच बघत होती. ती जवळच्याच एका पाड्यावरची. माझं ॲप वापरणारी पहिली बाई, म्हणून माझी फार लाडकी.

"बाय, तुझं यंत्र येडं झालंय," ती म्हणाली. "भाताला विचारलं नी चिकू दाखवतं. माझे घरी चिकूचं झाडच नाय."

मी तिच्या मोबाइलवर करपा विचारला. आला चिकू, बी पोखरणारी अळी. खोडकिडा विचारला. चिकू. शेळीचा खोकला विचारला, तरी चिकूच. मला घाम फुटला. काय मोडलं, कुठे मोडलं, काहीच कळेना. मी देवेशला समजावून सांगत होते, आणि तो मान डोलवत ऐकत होता. पण त्याचा उजवा अंगठा काउंटरखाली हलत होता. टक. टक. टक.

"काय करतोयस तू?"

"कुठे काय."

मी काउंटरवरून वाकले. त्याच्या मोबाइलवर चिकूची अळी होती. तो ती उघडत होता, बंद करत होता, पुन्हा उघडत होता.

"देवेश… किती दिवस चाललंय हे?"

"तू बंगळूरचं बोललीस त्या दिवसापासून." त्याचे कान लाल झाले होते. "दुकानात रिकामा असलो की करतो. जेवताना पण करतो."

"आणि चिकूच का?"

"पहिल्या दिवशी तेच वर होतं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. "अरे, ते क्लिकवरून शिकतं," मी म्हटलं. "लोक जे उघडतात ते त्यांना हवंय असं समजून तेच वर आणतं. तू त्याला पढवलंस की तलासरीत सगळ्यांना फक्त चिकू हवाय."

"मला काय माहीत ते शिकतं? मला वाटलं नुसतं मोजतं."

"माझी महिन्याची मेहनत घालवलीस तू."

"तू जाऊ नयेस म्हणून केलं." हे तो इतक्या हळू बोलला, की बुधीबाई ऐकायला पुढे सरकली.

मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि त्याचं ते बोलणं मला आवडलं याचा सगळ्यात जास्त राग येत होता. "'थांब' असं तोंडाने सांगता येत नाही?"

"सांगितलं असतं, तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग?"

मी पर्स उचलली आणि जीप पकडली. घरी येऊन त्याचे सगळे क्लिक काढून टाकले. आकडा धाडकन खाली आला. साहेबांना फोन केला आणि झालं ते खरं सांगितलं, फक्त कारण सोडून. खोट्या आकड्यावर इथे राहिले असते, तर बुधीबाईला जन्मभर चिकूच दिसला असता. साहेब एवढंच म्हणाले, "महिनाअखेरीला बघू."

देवेशने मेसेजवर मेसेज पाठवले, मी एकालाही उत्तर दिलं नाही. पण इकडे तलासरीतून खरे प्रश्न यायला लागले. लांबलचक, नणंदेपासून सुरू होणारे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी ॲपवर विचारायला लावत होता, हे मला बुधीबाईने फोन करून सांगितलं. "औषध द्यायच्या आधी मोबाइलशी बोलाया लावतं पोर. लोक वैतागले," ती म्हणाली. मी ते प्रश्न एकेक करून वाचले. भात विचारला की भात यायला लागला. करपा विचारला की करपा.

महिनाअखेरीला साहेबांचा निकाल आला. वापर फारच कमी, इथलं काम आता थांबवायचं. पण असे प्रश्न त्यांनी दुसरीकडे कुठेच ऐकले नव्हते. मी बंगळूरला यावं, तिथल्या लोकांना घेऊन हे सर्च नीट बांधावं, आणि पुढच्या भाताच्या हंगामाला तलासरीलाच परत घेऊन यावं. मी 'हो' म्हटलं. मला हवंच होतं ते. फोन ठेवला आणि मग ढसाढसा रडले, कारण दुसरंही एक हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. रूपी नावाची एक बाई औषधासाठी थांबली होती. मी तिच्या बाजूला उभी राहिले.

"मी जातेय," मी म्हटलं. "जूनमध्ये परत येईन. इथेच."

देवेशने बाटली खाली ठेवली. "जा."

"जा? जेवतानाही अंगठा झिजवलास मी जाऊ नये म्हणून, आणि आता नुसतं 'जा'?"

"तेव्हा तुला न विचारता थांबवायला बघितलं. तुझं काम बिघडलं. आता नाही अडवणार."

शहाणपण शिकायला याला नेमका आजचाच दिवस सापडला. हा माणूस आपणहून काही बोलेल म्हणून थांबले, तर माझे केस पिकतील, हे मला स्पष्ट दिसलं.

"देवेश, मी तुला आवडते का?"

तो बाटलीच्या झाकणाकडे बघत राहिला. "आवडतेस… म्हणजे, खूप."

"मलाही तू आवडतोस. डोकं खातोस, पण आवडतोस. मी परत आले की आमच्या घरी येशील? बाबांशी बोलायला… आपल्या लग्नाचं?"

रूपी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. शेवटी तिनेच तोंड उघडलं. "पोरा, काय ते बोल नी माझं औषध दे. पाऊस थांबलाय तवर फवारायचंय."

आणि देवेशने काय करावं? आधी तिला औषध दिलं. पंपाला किती घालायचं ते सांगितलं. तोंडाला फडकं बांध म्हणाला, वाऱ्याच्या दिशेने फवार म्हणाला, हात साबणाने धू म्हणाला. सुटे पैसे शोधले. मी लग्नाचं विचारून तिथे ताटकळत उभी.

रूपी गेली. मग तो काउंटरची फळी उचलून बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला.

"जूनपर्यंत नाही थांबणार मी," तो म्हणाला. "या रविवारी आलो, तर चालेल?"

इतक्या सरळ प्रश्नाची मला त्याच्याकडून सवयच नव्हती. मी नुसती होकाराची मान डोलावली.