टाकीत पाणी कुणी घातलं?

आधी तिला दिसले ते फक्त त्याचे बूट.

कारण ती होती गाडीखाली. पाठ रस्त्यावर, नाकावर धूळ आणि वर कॅराव्हानचं भलंमोठं काळंकुट्ट पोट. चाकांवरचं घर म्हणे! बघून तिला कळत काहीच नव्हतं, पण बाहेर उभ्या बाबांच्या नजरेला नजर देण्यापेक्षा हे बरं होतं.

बूट थांबले. तेलकट. एकाची नाडी निळी, दुसऱ्याची चक्क पिवळी.

"सापडलं का?"

"काय?"

"जे शोधताय ते."

"मी इंजिन बघतेय."

"बरं..." मग जरा थांबून, फार म्हणजे फारच सभ्यपणे, "इंजिन पुढं असतं. तुम्ही संडासाच्या टाकीखाली आहात."

ती ज्या वेगानं बाहेर आली ना, काय सांगू! डोकं आपटलं, ओढणी अडकली, आणि ती सोडवायला तोच वाकला. शांत डोळे, कानामागे पेन्सिल, आणि हसू असं की ओठांवर यायच्या आधीच त्यानं ते गिळून टाकलं. तिला दिसलं मात्र!

"जवळच्या गॅरेजातून आलोय. तुमच्या आईंनी फोन केला होता."

आता तुम्ही विचाराल, गाडी बंद पडली तर एवढं तोंड लपवण्यासारखं काय होतं? होतं ना! घरी तिला धांदल म्हणायचे. भाजी आणायला जाऊन पिशवी दुकानातच ठेवून यायची, एका पायात स्वतःची आणि एका पायात आत्याची चप्पल घालून कॉलेजला जायची... पण तीच धांदल चष्म्याच्या काचा घासायला शिकली आणि एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिला नोकरी लागली. दूरच्या शहरात. एकटीनं राहायचं. बाबा म्हणाले, "केसाएवढी चूक चालत नाही तिथं, आणि ही?" शेवटी आत्यानं मधे पडून तोड काढली. सगळ्यांनी मिळून कॅराव्हाननं तिला सोडायला जायचं आणि वाटेतलं सगळं तिनं बघायचं. रस्ता, गॅस, पाणी, सगळं. निभावलं तर उद्या सकाळी नऊला ती कामावर. घोळ घातला तर सगळ्यांबरोबर गुपचूप परत घरी.

तीन दिवस निभावलं हो! आणि चौथ्या दिवशी, मुक्कामाच्या जागेवरून निघून पाच किलोमीटर होत नाहीत तोच गाडी खोकली, दोन आचके दिले आणि ठप्प.

त्यानं गाडी ओढत गॅरेजात नेली. काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढलं आणि बरणी उजेडात धरली. वर पिवळसर डिझेल, खाली नितळ पाणी. दोन्हींच्या मधे रेघ ओढल्यासारखी.

"डिझेलच्या टाकीत पाणी गेलंय. चांगलं बादलीभर."

सकाळी पाणी धांदलनंच भरलं होतं. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाकीची झाकणं एकाच बाजूला, हातभर अंतरावर, दोन्ही काळी. आणि भरताना ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. कुठलं झाकण उघडलं होतं? आठवेचना!

बाबा खाकरले. कोपऱ्यातल्या जुन्या टायरांकडे जाऊन उभे राहिले, जणू उद्या त्यांना त्यावर परीक्षा द्यायची होती. बाबा ओरडले की ती घाबरायची, पण हे गप्प बसणं... हे तर त्याहून भयंकर!

"किती वेळ लागेल?" तिनं हळूच विचारलं.

"टाकी उतरवायची, कोरडी करायची, फिल्टर बदलायचा. निवांत करू. चार वाजेपर्यंत होईल."

"निवांत?"

गॅरेजवाले काका पलीकडून हसले. "अगं, त्याला आम्ही निवांतच म्हणतो. आग लागली तरी आधी पाणी गाळून घेईल!"

निवांतनं तिच्या हातात बॅटरी दिली. "इथं धरा."

तिनं धरली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं... उजेड जरासुद्धा हलला नाही.

"हात फार स्थिर आहे तुमचा."

कुणीतरी, जन्मात पहिल्यांदा, तिला असं काही म्हणालं होतं. आणि झालं! तिचे डोळे भरून आले.

"अहो... बॅटरीचंच कौतुक केलं मी."

"पाणी मीच घातलंय," ती एका दमात बोलून गेली. नोकरी, अट, उद्याचे नऊ, सगळं. "तुम्ही सांगाल का त्यांना, की डिझेलच खराब मिळालं म्हणून? प्लीज?"

तो पान्हा पुसत राहिला. "सांगेन. तुम्ही कामावर जाल. आणि मग रोज बाबांचा फोन वाजला की तुम्हाला तो उचलवणार नाही. चालेल?"

"तुम्हाला काय जातंय हो उपदेश करायला! तुमची कधी फजिती झालीये का?"

"मी नवीन असताना काकांच्या गाडीचं चाक बसवलं आणि नट आवळायला विसरलो. आम्ही रस्त्यावर, आणि आमचंच चाक आम्हाला मागे टाकून पुढं चाललंय. मी म्हटलं, काका, कुणाचं तरी चाक निघालं बघा..."

ती रडता रडता अशी हसली की बॅटरी हातातून पडता पडता राहिली.

"आणि काका?"

"ओरडले. मग दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी दुरुस्तीला दिली."

साडेतीनला आईनं हाक मारली, "आधी हात धुवा दोघं, चहा झालाय!" चहा बाटलीतल्या पाण्याचा होता. सगळे कॅराव्हानमध्ये दाटीवाटीनं बसले. निवांत छोट्या बेसिनपाशी, बाबा खिडकीशी. धांदलनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"बाबा, मला बोलायचंय. चूक माझी आहे. पाणी मी..." आणि तेवढ्यात निवांतचा हात नळावर बघून, "अहो, त्या नळाला पाणी नसेल. ते सगळं डिझेलमध्ये..."

फस्स!

नळ असा सुटला की निवांतचा शर्ट भिजला, आत्याचा चष्मा भिजला, चहासुद्धा वाढला. त्यानं नळ बंद केला. भिंतीवरच्या पाण्याच्या काट्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"ही टाकी तर काठोकाठ भरलेली आहे. तुम्ही भरलेलं पाणी इथंच आहे. जिथं असायला हवं तिथंच."

आत्यानं चष्मा पुसत पुसत मान वळवली.

"दादा... सकाळी ही तयार होत होती तेव्हा तू पाइप घेऊन काय करत होतास रे?"

बाबांचे कान लाल झाले. इतके लाल की आईनं हातातली बशी खाली ठेवली.

"मला वाटलं..." बाबा कपाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं ही विसरली असेल. म्हणून मीच जरा..."

"आणि सकाळपासून पोरीला झुरत ठेवलंत!" आई कडाडली. "एकटं कुणाला सोडायचं नाही ते आता कळलं मला."

आधी आत्या हसली, मग आई, मग चक्क बाबाही. पण धांदल नाही हसली. तिला आपलं खोलवर, पोटातून श्वास घेता येतोय एवढंच कळत होतं. बाबा उठले, तिच्यासमोर आले, आणि गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"मी आधी बोलायला हवं होतं गं. तू बोललीस... चल, उद्या नऊला पोचायचंय ना तुला? तूच चालव."

निघायच्या आधी एक फेरी मारून बघायची होती. ती चालवणार, तो शेजारी बसून इंजिन ऐकणार. काचा खाली, दुपारचं उन्ह उतरलेलं, आणि वाऱ्यात तिचे केस. अहो-जाहो कुठल्या वळणावर गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"छान चालवतेस."

"गाडी, का तोंड?"

"इंजिनचा आवाज ऐकू दे जरा."

"ऐक. निवांत ऐक." मग, रस्त्यावरची नजर न हलवता, "ही गाडी तर बाबा घेऊन जातील. मी मात्र तिथंच असेन. मी एक जुनी स्कूटर घेणार आहे. ती बंद पडली तर... तिथून इथं फोन केला तर कुणी येतं का?"

"पन्नास किलोमीटर आहे. तिथं बरी गॅरेजं आहेत."

अस्सा राग आला तिला! इतका चांगला आणि इतका मठ्ठ?

गाडी वळून परत गॅरेजच्या दारात आली. समोर आई, आत्या, बाबा, सगळे हात हलवत होते. तिनं इंजिन बंद केलं. तो उतरला, दार लावलं, आणि खिडकीत हात टेकून तसाच उभा राहिला. कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.

"स्कूटर बंद पडायची वाट नको बघूस," तो म्हणाला. "मी रविवारी येतो. काही बिघडलं नसलं तरी... येऊ?"

"किती वाजता?" धांदलनं इतक्या घाईनं विचारलं की काका गॅरेजातून मोठ्यानं हसले.