चित्र आधी पोचलं

शनिवारी जेवणं आटोपली तेव्हा तुइरेला वाटलं होतं, कॉफी होईपर्यंत हे काम हातावेगळं होईल. आता कॉफीची दुसरी किटली संपत आली होती, वेलदोड्याचे पाव संपले होते, आणि संगणकावर अजूनही तोच काळा चौकोन होता. खाली एक ओळ : जोडणी झाली नाही.

"ते दिसतंय मला," तुइरे पडद्याला म्हणाली. "का झाली नाही ते सांग की, गाढवा."

"त्याला शिव्या दिल्यास तर तो आणखी रुसेल," पलीकडच्या खुर्चीतून सायमी म्हणाली.

सायमी तिची थोरली बहीण. औलूच्या एका शाळेत तिने वीस वर्षं मुलांना व्यायाम शिकवला होता, दोरावर सरसर चढून दाखवलं होतं. मग बोटांच्या नसा दगा देऊ लागल्या. आता कपसुद्धा तिला दोन तळव्यांत धरून उचलावा लागे. आजारपणाच्या सुरुवातीला तिला एका गेमचा नाद लागला होता. हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलवर एक साळिंदर बर्फाच्या गुहांतून उड्या मारत जायचं. अगदी शेवटच्या गुहेपाशी ती पोचली आणि बोटांनी बटणं दाबायचं सोडून दिलं. साळिंदर तेव्हापासून तिथेच उभं होतं.

"बटणं मी दाबते, तू सांग," असं तुइरेनेच सुचवलं होतं. तळहाताएवढ्या पडद्यात दोघींना डोकावता येत नव्हतं, म्हणून चित्र वाय-फायवरून संगणकाच्या मोठ्या पडद्यावर आणायचं होतं. लोक घरोघरी करतात, त्यात काय. शिवाय तुइरेचा धंदाच यंत्रांचा. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट ती तपासायची. बिघाडाला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत जागचं हलायचं नसतं, हा तिचा खाक्या.

संगणकाची फायरवॉल तिने बंद केली, तेव्हा कुठे काळ्या चौकोनात चित्र उमटलं. निळा बर्फ, दिव्यांची रांग, मधोमध साळिंदर.

"आलं!" सायमी ओरडली. "चल, पुढे घे. आणखी पुढे... उडी!"

तुइरेने बटण दाबलं. हातातल्या कन्सोलवर साळिंदर केव्हाच खड्ड्यात कोसळलं होतं. मोठ्या पडद्यावर मात्र ते अजून डौलात चालत होतं. दोन श्वास जावेत एवढ्या उशिराने तेही पडलं.

"मी वेळेवर सांगितलं होतं," सायमी म्हणाली.

"तू शिळं चित्र बघून सांगतेयस, बाई."

"मग ताजं दाखव."

तुइरेने चित्राचा दर्जा कमी केला. साळिंदर उशीसारखं दिसू लागलं, उशीर तेवढाच राहिला. राऊटर कपाटावरून उचलून टेबलावर आणला. काही नाही. शेजाऱ्यांच्या वाय-फायला नावं ठेवून झाली. शेवटी ज्याने चित्र पाठवायचा हा प्रोग्राम लिहिला होता त्या रोव्हानिएमी गावच्या आह्ती नावाच्या माणसाला तिने फोन लावला.

"बंद करून पुन्हा चालू केलंत का?" त्याने विचारलं.

"मी लिफ्ट तपासते हो. हा प्रश्न मी लोकांना विचारते."

तो हसला. संगणकाला राऊटरची तार थेट लावा म्हणाला, वाय-फायचा चॅनेल बदला म्हणाला. तुइरेने दोन्ही केलं. खटका बसावा तसा उशीर नाहीसा झाला. अंगठा हलला की साळिंदर हलायचं, हातातही आणि पडद्यावरही.

मग खरंच मजा आली. सायमी खुर्चीत पुढे सरकून मैदानावर ओरडायची तशी ओरडत होती. "डावीकडे! अगं डावं म्हणजे तुझं नव्हे, त्याचं!" पहिला खड्डा गेला, लोंबते सुळके गेले. बाहेर मार्चचं ऊन बर्फावरून परतून छतावर नाचत होतं.

"वा," सायमी म्हणाली, "या वेळी तर मी सांगायच्या आत मारलीस."

"काय मारलं?"

"उडी."

"मी कुठे मारलीय अजून?"

तुइरेने मान वर केली. मोठ्या पडद्यावर साळिंदर खड्ड्याच्या पलीकडे उभं होतं. हातातल्या कन्सोलवर ते अलीकडे होतं. तिचा अंगठा बटणाच्या वर, अधांतरी होता.

मग, कसल्याशा सवयीने, अंगठा खाली आला. हातातलं साळिंदरही उडी मारून पलीकडे गेलं.

"पुन्हा कर," सायमी म्हणाली. आवाजातली मजा ओसरली होती.

मोठ्या पडद्यावरचं साळिंदर आता मागे वळलं आणि खड्ड्यात उतरलं. तुइरेने दात आवळून अंगठा बाजूला घेतला. मी दाबणारच नाही. बघू काय करतं ते. सायमीने अस्वस्थ होऊन कप उचलायला तळवे पुढे केले. कप निसटला, आडवा झाला, कॉफी टेबलभर पसरली. तुइरे दचकून मागे झाली आणि तिचं बोट बाजूच्या बटणावर दाबलं गेलं.

हातातलं साळिंदर मागे वळून खड्ड्यात पडलं.

कॉफी टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकत राहिली. कोणी फडकं आणायला उठलं नाही.

"कार्टे, तू मुद्दाम करतेयस," सायमी म्हणाली.

"मी असले उद्योग करते का कधी?"

आह्तीला पुन्हा फोन लागला. चित्र पुढे जातंय, असं तुइरेने सांगितलं तेव्हा त्याने तिला दुरुस्त केलं.

"मागे पडतंय म्हणायचंय तुम्हाला."

"पुढे. मी करायच्या आधी."

"ते होऊ शकत नाही."

"मलाही तेच म्हणायचंय!" तुइरेचा आवाज चढला. "तुम्ही लिहिलंत ना हे? मग असं का होतं ते सांगा."

"कॅमेरा लावून बघा," तो म्हणाला. "कन्सोलच्या पाठीला आहे तो. घड्याळासमोर धरा, पडद्यावरच्या काट्याशी ताडून बघा. आकडा सांगा मला." मग घाईघाईने म्हणाला, की मुलीला बर्फावर घेऊन जायचंय, आणि फोन ठेवला.

तुइरेने खेळ बंद करून कॅमेरा चालू केला. बसल्या जागेवरूनच कन्सोल स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या घड्याळाकडे धरला. हातातल्या छोट्या पडद्यात घड्याळ बरोबर होतं. संगणकावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा पुढे होता. ती बघत असतानाच तो आणखी पुढे सरकत गेला, जणू तिकडे वेळ जरा घाईत होता.

"पुरे झालं," ती म्हणाली. कन्सोल तसाच डाव्या हातात ठेवून तिने उजव्या हाताने राऊटरची संगणकाला लावलेली तार उपटली. ती टेबलावरून लोंबकळत राहिली. मग तिने राऊटरचा प्लग ओढला. त्याचे हिरवे दिवे विझले.

चित्र चालूच होतं.

"तुइरे," सायमी म्हणाली. "ते घड्याळ नाहीये आता."

तुइरेच्या हातातला कॅमेरा ओट्याकडेच होता. छोट्या पडद्यात घड्याळ होतं. मोठ्या पडद्यावर हे टेबल होतं, सांडलेली कॉफी होती, लोंबकळणारी तार होती. टेबलापाशी दोन बायका बसल्या होत्या. तुइरे आणि सायमी.

चित्र खिडकीच्या बाजूने घेतलेलं होतं, जरा उंचावरून.

तुइरेने मान वळवली. खिडकी बंद होती. खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड होता, त्यावर ओले टॉवेल. तिथे मांजरसुद्धा उभं राहू शकलं नसतं. बाहेर तिसऱ्या मजल्याची हवा.

"हे चित्र ज्यातून येतं ते यंत्र माझ्या हातात आहे," ती हळू म्हणाली. "हे बघ. माझ्या हातात."

"पडद्यावर नाहीये," सायमी म्हणाली.

खरं होतं. पडद्यावरच्या तुइरेचे दोन्ही हात छातीसमोर होते, बोटं वाकलेली, काहीतरी धरल्यासारखी. मध्ये काहीच नव्हतं. पडद्यावरच्या दोघी हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. मान किंचित वर करून त्या थेट बघत होत्या. जो कोणी चित्र घेत होता त्याच्याकडे.

तुइरे संगणकाच्या प्लगकडे झुकली.

"थांब," सायमी म्हणाली. "बंद केलंस तर जो कोणी आहे तो कधी येणार ते कळणार नाही."

तुइरे थांबली. सरळ बसली. कन्सोल तिने दोन्ही हातांत घट्ट धरला, छातीसमोर, आणि तो धरल्यावर तिला कळलं की ती कशी बसली आहे.

पडद्यावर सायमीचे ओठ हलले. आवाज येत नव्हता.

"काय म्हणतेयस तू?"

सायमीने पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे पाहत आपले ओठ हलवून बघितले. "बसा," ती म्हणाली. "'बसा ना,' म्हणतेय मी."

"कोणाला?"

सायमीची मान हळूहळू खिडकीकडे वळत होती, आणि किंचित वर.

तुइरेने बोटं सैल केली नव्हती. कन्सोल अजून तिच्याच हातात होता. फक्त त्याचं वजन कमी झालं, पलीकडच्या बाजूने कोणी अलगद हात लावावा तसं, न ओढता.