काळ्या सालीवरचा हात

चुन्याची पुडी घेऊन लिब्रादा परतली तेव्हा मेक्सिकोच्या डोंगरातल्या सान पाब्लितो गावावर सकाळचं धुकं अजून बसून होतं. घराघरांतून दगडांची टपटप येत होती. झाडाच्या उकडलेल्या सालीचे ओले धागे फळीवर पसरायचे, दगडाने ठेचून त्यांचा कागद करायचा. गावाचं पोट त्यावरच. अंगणात युस्तोलिया मावशी तेच करत बसली होती. आई गेल्यापासून तिनेच लिब्रादाला वाढवलं होतं, शहरातल्या कॉलेजात चित्रं छापायला शिकायला धाडलं होतं.

प्रदर्शनासाठी लिब्रादाला काळ छापायचा होता. शाईविना, साच्याविना. काळ्या सालीच्या प्रत्येक ओल्या कागदावर आपलाच उजवा तळहात. एकेका फळीवर भार देत ती हात उमटवत गेली.

मावशीचा दगड थांबला. काळ्या कागदावर माणसाचा आकार काढला की आधी त्या आकाराला पाव आणि प्यायचं गरम चॉकलेट द्यायचं, मगच कागद वाळवायचा. मांत्रिकसुद्धा हे चुकवत नाही, असं ती पुटपुटली.

“कागद आहे मावशी, पाहुणा नाही. तुम्हा म्हाताऱ्यांच्या असल्या खुळांपायीच गाव मागे राहिलंय.”

“हात दिलास ना पोरी... आता तो मागणारच.”

दुपारी ऊन पडलं. भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरचे कागद वाळले. पहिला सोलताना लिब्रादा खूश झाली. करंगळीखालच्या लहानपणीच्या व्रणासकट, हुबेहूब तिचा हात. दुसऱ्यावर रेषा खोल गेल्या होत्या. तिसऱ्यावर अंगठ्याखालची कातडी सैलावलेली, पेरं सुजलेली. हा हात तिने पाहिला होता. शेवटच्या आजारात आईचा हात असाच दिसायचा.

चौथा कागद कोरा होता. त्यापुढचेही सगळे, जणू तिथून पुढे तिचा हातच नव्हता.

आपण नीट दाबलं नसेल, असं म्हणत ती मावशीच्या फळीकडे धावली आणि ओल्या कागदात हात रोवला. उचलला. धागे पाण्यासारखे मिटले. पुन्हा रोवला. पुन्हा मिटले. सालीचा आंबूस वास नाकात भरला. आजूबाजूच्या दगडांची टपटप केव्हा थांबली, तिला कळलं नाही.

मावशीने घाईने पाव आणून ठेवला, चॉकलेट ओतलं. ते कागदावरून तसंच ओघळून गेलं.

“आता त्याला हे नको...” असं म्हणून तिने लिब्रादाच्या हातावर आपला हात ठेवला. “दाब.”

“मावशी... काय मागतोय तो?”

“दाब म्हणते ना.”

ठसा राहिला.

संध्याकाळपर्यंत वाळलाही. सुरकुतलेला, गाठाळलेला, भरपूर जगलेल्या म्हातारीचा तळहात. करंगळीखाली मात्र लिब्रादाचाच व्रण. तिला हसू फुटलं, डोळे भरले. कागद सोलून हातात घेत ती मावशीकडे वळली. मावशी मूठ मिटून बसली होती. दगड पायाशी पडला होता.

“हात दाखव.”

“वाळू दे आधी तो...”

“वाळलाय. दाखव.”

लिब्रादाने तिची बोटं एकेक करून उघडली. आयुष्यभर दगड धरून घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर आता एकही रेष नव्हती. गुळगुळीत, कोरा. आणि गार.

दुसऱ्या हातातला कागद मात्र अजून कोमट होता, आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी संथपणे उडत होतं, नाडीसारखं.