रविवारचं व्होल्टेज

ग्वाल्हेरला दौलतगंजातल्या संगणकाच्या दुकानात शरयू दुकानदाराशी हुज्जत घालत होती. बांधायच्या घरांची हुबेहूब चित्रं संगणकावर करून देणं हे तिचं काम, आणि नवी रॅम टाकल्यापासून तो संगणक ऐन कामात गोठत होता.

"रैम ठीक है," शेजारी उभा असलेला तरुण मध्येच बोलला. "आपने स्पीड बढ़ा दी होगी… और वोल्टेज वही का वही।"

"आगाऊ कुठला!" शरयू पुटपुटली. ग्वाल्हेरच्या या लश्कर भागात मराठी कळणारे पुष्कळ, तिथे मराठीतून पुटपुटणं धोक्याचंच, पण सवय जात नाही.

"आगाऊ तर आहेच," तो शांतपणे म्हणाला. "पण बरोबर आहे की नाही?"

बरोबर होता, हीच तर पंचाईत.

त्याचं नाव मधुसूदन. एका लहानशा कंपनीत तो संगणक दुरुस्त करायचा. रविवारी माधवगंजात तिच्या घरी येऊन त्यानं रॅमचं व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेलं.

"म्हणजे आता अजून जोरात पळेल?"

"व्होल्टेजनं वेग वाढत नाही. वाढवलेला वेग झेपतो, बस. जास्त दिलं तर मात्र तापेल."

"कोण?"

"…रॅम," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तपासणी संपेपर्यंत शरयूच्या आईनं, इंदुताईंनी, त्याला दोनदा पोहे वाढले. तो गेला आणि संगणक सुरळीत चालू लागला. म्हणजे त्याला बोलवायला आता कारणच उरलं नाही.

मग शनिवारी शरयूनं व्होल्टेज गुपचूप खाली आणलं. संगणक गोठला. निळ्या पडद्याचा फोटो तिनं त्याला पाठवला आणि व्होल्टेज पुन्हा त्याच्या १.३५ वर नेऊन ठेवलं. रविवारी तो आला. सगळं जिथल्या तिथे, तरी गोठतो कसा? तो डोकं खाजवत बसला, आणि ती त्याला बघत बसली. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले.

"पोरगा गुणाचा आहे गं," इंदुताई म्हणायच्या, "पण हाताला यश नाही त्याच्या."

अशात त्याची कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. नव्या मांडणीत ग्वाल्हेरचं दुरुस्तीचं काम बंद. पुण्याच्या तपासणी विभागात जा, नाहीतर इथे काउंटरवर माल विका. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"मी इथेच थांबतोय," त्या रविवारी तो म्हणाला.

शरयूच्या पोटात आनंद मावेना. "का… पण?"

"तुमची एवढीशी रॅम मला ताळ्यावर आणता नाही आली. तिथे जाऊन काय दिवे लावणार? काउंटरच बरं."

ती गप्प राहिली असती तर तो इथेच राहिला असता, इतकं सोपं होतं ते. तिला स्वतःची लाज वाटली. आणि याच्यावर आपलं प्रेम आहे, हेही तेव्हाच स्वच्छ कळलं.

"व्होल्टेज मी उतरवत होते," ती म्हणाली. "दर शनिवारी… तुम्ही यावं म्हणून. तुम्ही यायच्या आधी परत चढवून ठेवायचे."

त्यानं एकदा संगणकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"म्हणजे माझा आकडा पहिल्या दिवसापासून बरोबर होता?"

"मी सांगतेय काय, आणि तुम्ही ऐकताय काय!"

"दोन्ही ऐकलं."

"राग आला?"

"आला ना. रोज रात्री विचार करायचो, चुकतंय कुठे." मग त्याला हसू आवरेना. जरा वेळानं हसू ओसरलं. "मग मला पुण्याला जायला पाहिजे, शरयू."

"हो," ती म्हणाली. डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत.

दाराशी चपला घालताना तो थांबला.

"दिवाळीत घरी येईन मी. तेव्हा… काही न बिघडवता बोलावशील मला?"

आत इंदुताई ऐकत असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती मोठ्यानं म्हणाली,

"ये."